व्याख्यान आमच्यावर, सभा लंडनला

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली ती १८७५ साली. त्याच्या वीसेक वर्षं आधीच आमच्या मुलखातल्या एका कवटीवर लंडनच्या भूशास्त्र मंडळात निबंध वाचून झाला होता. कवटी माणसाची नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगली गावच्या दगडात सापडलेल्या, बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या एका चपट्या डोक्याच्या प्राण्याची. 'डायनोसॉर' हे नाव ज्यांनी पाडलं त्या रिचर्ड ओवेन यांनी या प्राण्याचंही 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असं बारसं केलं आणि १८५५ मध्ये ते छापून आलं. मांगलीत कुणाला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

ती कवटी उजेडात आणणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं चालतं तेच हे स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रचारापेक्षा दगडांत आणि माणसांत त्यांचा जीव जास्त रमत असावा असं मला त्यांची टिपणं चाळताना वाटतं. गोंडांच्या परधान भाटाच्या तोंडून त्यांनी लिंगो या त्यांच्या आदिपुरुषाची कथा उतरवून घेतली, गोंडांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. १८६३च्या सप्टेंबरात नागपूरजवळ एका ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. तीन वर्षांनी सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. कथा गोंडांची, सांगणारा परधान आणि पुस्तक साहेबांसाठी. तेव्हापासून एक रिवाजच पडला: माल इथला, सभा दुसरीकडे.

मी अहेरीत राज्यशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घालवली. बी.ए.च्या मुलांचा 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा पेपर माझ्या वाट्याला असायचा. वरून परिपत्रकं यायची, की संयुक्त राष्ट्र दिन साजरा करा, मानवी हक्क दिनाला जाहीर व्याख्यान ठेवा, जोडीला सांस्कृतिक कार्यक्रम घ्या आणि फोटोसह अहवाल पाठवा. फोटो मी नेमानं पाठवले. फोटोत पाहुणे, हार, दीपप्रज्वलन, मागे फलक, सगळं असायचं. श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर मात्र हजेरी केव्हा घेणार एवढाच प्रश्न. जगाविषयी बोलण्या-ऐकण्याची आमच्याकडची चाल या परिपत्रकांच्या कितीतरी आधीची आहे आणि ती वेगळ्याच वाटांनी आली. त्या वाटा कुणी मांडलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत, म्हणून हा खटाटोप.

पहिली वाट नदीची. अहेरीच्या माणसाला परमुलूख पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझी आजी प्राणहितेपलीकडची. तिचं लग्न झालं तेव्हा त्या काठाला निजामाचं राज्य होतं आणि या काठाला इंग्रजांच्या मध्य प्रांतातली अहेरीची जमीनदारी. वऱ्हाड डोंग्यातून आलं. तिकडे चालायचा तो हाली शिक्का, इकडे कलदार. नदीकाठी करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानची जकात. लुगड्याच्या घोळात काय काय लपवून आणायचे याची यादी आजी मोठ्या चवीनं सांगायची आणि ते सांगताना तेलुगूतून मराठीत, मराठीतून गोंडीत कधी शिरायची ते तिचं तिलाही कळत नसे. पूर्वेला इंद्रावती ओलांडली की बस्तरच्या राजाचा मुलूख. दक्षिणेला सिरोंचा, तो निजामाकडून इंग्रजांकडे आला १८६०च्या तहानं. गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके घेऊन इंग्रजांनी अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला, सिरोंच्याला त्याचं ठाणं ठेवलं आणि १८७४ मध्ये तो मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडून टाकला. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा आजीचं माहेर 'आपल्या देशात' आलं. त्यावर तिचं म्हणणं एवढंच होतं की आता नाक्यावरचा शिपाई बदलेल.

सरहद्द म्हणजे काय हे या भागाला १८५८ मध्येच चांगलं उमगलं होतं. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्या बंडात प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन गोरे मारले गेले. जगाच्या बातम्या आणणारी तार आमच्या जंगलात पोचली ती अशी, रक्त सांडूनच. बाबुरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाईंचा हात होता, हे अहेरीत आजही जरा आवाज खाली घेऊन बोललं जातं. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्या जोडीचे अडपल्लीचे व्यंकटराव बस्तरात निसटले. नदी ओलांडली की कायदा बदलतो, या एका गोष्टीवर मी वर्गात पूर्ण तास घ्यायचो. सार्वभौमत्वाची व्याख्या फळ्यावर लिहून जे कळत नसे ते व्यंकटरावांच्या पळण्यातून कळायचं.

दुसरी वाट हाडांची. १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावून घेतलं. आकडेशास्त्राच्या संस्थेत हाडं कशाला, असं कुणीही विचारील. महालनोबिसांचा खाक्याच तसा होता. त्याच वर्षी त्यांनी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही तिथं आणलं. रॉबिन्सनबाईंनी तरुण भूशास्त्रज्ञांची फळी तयार केली आणि ही मंडळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. १९५८ मध्ये सिरोंच्याच्या बाजूला, पोचमपल्लीजवळ पहिली हाडं लागली. १९६० आणि ६१च्या हंगामात मोठी खोदाई झाली. कमीत कमी सहा जनावरांची मिळून सुमारे तीनशे हाडं निघाली. मांडीचं हाड माणसाच्या उंचीचं.

सिरोंच्याला माझ्या मामांचं किराणा दुकान होतं. कलकत्तेवाले त्यांच्याकडून गोणपाट आणि सुतळी न्यायचे. एवढं गोणपाट कशाला म्हणून मामांनी विचारलं, तर एका बंगाली पोरानं मोडक्या हिंदीत सांगितलं की हाड ठिसूळ असतं, त्याला गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरात बुडवून गुंडाळावं लागतं, मोडलेल्या हातापायाला गुंडाळतात तसं. मामा म्हणाले, हाड मोडलं कुणाचं? पोरगा म्हणाला, माणूस नव्हता तेव्हाच्या जनावराचं. मग त्यानं दुकानाच्या ओट्यावर खडूनं लांब मानेचं जनावर काढलं आणि हा सगळा मुलूख एकेकाळी कुठं होता, आफ्रिकेला कसा चिकटलेला होता, ते समजावलं. ओट्याभोवती माणसं जमली. गिऱ्हाईक खोळंबलं. आंतरराष्ट्रीय विषयावर आमच्या भागात झालेलं जाहीर व्याख्यान म्हणून माझ्या माहितीत हेच सगळ्यांत जुनं. ना अध्यक्ष, ना आभारप्रदर्शन. मामांनी तो खडू पुढच्या पावसापर्यंत पुसू दिला नाही.

त्या जनावराचं नाव पडलं १९७५ मध्ये: 'बारापासॉरस टागोराय'. मोठ्या पायाचा म्हणून बारापा, आणि खोदाई रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी झाली म्हणून टागोराय. सांगाडा कलकत्त्याला संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म पार्क झालं ते फार उशिरा. तोवर सिरोंच्याच्या पोराला आपल्या शिवारातलं जनावर पाहायला हावड्यापर्यंतचं तिकीट काढावं लागे.

खुद्द गोंडवाना या नावाची गतही अशीच. १८७२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री मेडलिकॉट यांनी मध्य भारतातल्या खडकांसाठी ते वापरलं, १८७६ मध्ये ऑटोकर फाइस्टमांटेल यांनी ते छापात आणलं आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या जुन्या सलग भूमीला 'गोंडवानालँड' करून टाकलं. पुढे जगभरच्या भूशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय गोंडवाना परिषद भरू लागली. पहिली १९६७ मध्ये अर्जेंटिनात, १९७७ची कलकत्त्यात, १९९४ची हैदराबादेत. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण त्या परिषदेला आमच्याकडून कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही, आणि गेलं असतं तरी दारावर काय म्हणून ओळख सांगितली असती?

या सगळ्या पाहुण्यांत मला एकच माणूस देणं फेडणारा वाटतो. तोही व्हिएन्नाचाच. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९३९ मध्ये भारतात होते, महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन पासपोर्टमुळे ते शत्रुराष्ट्राचे ठरले. त्यांना तुरुंगात न टाकता हैदराबाद संस्थानात राहू दिलं गेलं. नजरकैदेत जायचा माणूस हैदराबादच्या आदिवासींचा अभ्यास करत बसला. नदीपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाविरुद्ध उठलेले गोंड पुढारी कोमरम भीम यांना मारून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा हे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलावाईला राजगोंडांमध्ये राहिले. त्यांनी पुस्तक लिहिलं, पुढे लंडनला प्राध्यापक झाले, ते झालंच. पण मारलावाईला त्यांनी गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू करवलं आणि गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं देवनागरीत काढली, ती १९४०च्या दशकात! तेलुगू मुलखात, उर्दू राजवटीत, देवनागरी लिपीतलं गोंडी पुस्तक. माझ्या आजीच्या भाचेमंडळींपैकी कुणी ते हाताळलं होतं का हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. बेट्टीबाईंची समाधी मारलावाईतच आहे.

तिसरी वाट शिबिरांची. विद्यापीठाच्या नावानं व्याख्यान आमच्या खेड्यांत पोचलं ते राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. १९६९ मध्ये ही योजना सुरू झाली. एखादं गाव दत्तक घ्यायचं, आठवडाभर शिबिर, सकाळी श्रमदान, दुपारी जेवणानंतर 'बौद्धिक', रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. पुण्या-मुंबईकडच्या बहिःशाल व्याख्यानमालांचं जे काम, ते आमच्याकडे या बौद्धिकानं केलं. आमच्या विद्यापीठाचं मुख्य ठाणं तेव्हा नागपूरला. तिथून वक्ता यायचा म्हणजे एक पूर्ण दिवस एसटीत, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर असला तर भामरागडचा विचारच नको. म्हणून बोलायला आम्हीच.

एटापल्लीकडच्या एका गावचं बौद्धिक मला चांगलं आठवतं. विषय 'संयुक्त राष्ट्र संघ आणि जागतिक शांतता', परिपत्रकातलाच. कॉलेजातून जगाचा कापडी नकाशा नेला होता. टांगायला भिंत नाही म्हणून मोहाच्या झाडाला बांबू आडवा बांधून त्याला सुतळीनं अडकवला. वारा आला की आशिया फडफडायचा. मी मराठीत बोलायचो आणि माडिया घरातली एक विद्यार्थिनी प्रत्येक वाक्य फिरवून सांगायची. माझं वाक्य एका ओळीचं, तिचं चार ओळींचं. मध्ये लोक हसायचे. ती काय भर घालत होती ते मी विचारलं नाही. लोकांनी नकाशात आधी आपली नदी शोधली. गोदावरीची बारीक रेघ होती, प्राणहिता नव्हती. मग एका म्हाताऱ्या आईनं न्यूयॉर्कवर बोट ठेवून विचारलं, इथं मोहा होतो का? नाही म्हणालो. मग ती माणसं उन्हाळ्यात काय वेचतात? या प्रश्नावर बाकीच्यांनीही मान हलवली, हसलं कुणी नाही. सुरक्षा परिषदेच्या नकाराधिकारावर मी केलेली तयारी तिथंच मिटवून ठेवली आणि कुठल्या देशात लोक जंगलातून काय वेचतात, विकतात कुणाला, भाव कोण ठरवतं, यावर ऊन उतरेपर्यंत बोलणं चाललं. तेंदूपानाचा भाव हा त्यांच्या दृष्टीनं परराष्ट्र धोरणाचाच भाग होता, आणि मला ते पटलं.

ऊन उतरायच्या आत आटोपणं भागच असे. ऐंशीच्या दशकापासून संध्याकाळनंतर माणसं जमवणं म्हणजे कुणाला तरी जाब देणं. पोलिसांना वाटायचं सभा 'त्यांची', आणि जंगलातल्यांना वाटायचं सभा 'सरकारची'. १९८० मध्ये नक्षलवादी गोदावरी ओलांडून सिरोंच्यात आले आणि त्यांनीही आपल्या परीनं आंतरराष्ट्रीय अभ्यास चालवला म्हणायला हरकत नाही. चीन, व्हिएतनाम, साम्राज्यवाद हे शब्द काही गावांनी माझ्याआधी त्यांच्या गाण्यांतून ऐकले होते. त्यांचं नाट्य पथक माझ्या रात्रीच्या सांस्कृतिक कार्यक्रमापेक्षा जास्त गर्दी खेचायचं हे मी मान्य करतो. त्या गर्दीत किती जण आवडीनं आणि किती भीतीनं बसलेले असत ते सांगता येणार नाही. १९८४च्या फेब्रुवारीत अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला आदिवासी शेतकऱ्यांचं मोठं संमेलन ठरलं होतं, मुंबई-हैदराबादकडून माणसं निघाली होती. सरकारनं ते होऊ दिलं नाही. आज कमलापूर म्हटलं की लोकांना सरकारी हत्ती कॅम्प आठवतो.

त्याच सुमारास धरणांचा वाद पेटला. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणं योजली होती, बुडणारं जंगल तीन राज्यांतलं. बाबा आमटे पुढे झाले, अहेरीचे राजे विश्वेश्वरराव उतरले, 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्या सभांत मी जे ऐकलं ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. पाण्याचे तंटे राज्यांत कसे लवादानं सुटतात, धरणाला पैसा कुठून येतो, बुडणाऱ्याला त्यात जागा कुठं. बाहेरचं जग गावात आणण्याचा बाबांचा अनुभव जुना. पन्नासच्या दशकातच आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशींचे तरुण येऊन विटा-माती वाहून गेले होते, आणि १९६७ मध्ये त्यांनी मूलजवळ सोमनाथला श्रमिक विद्यापीठ मांडलं. मे महिन्याच्या उन्हात तिथली छावणी भरते: सकाळी कुदळ, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी. आमच्या शिबिरांचा साचा तोच, फक्त तिथं मुलं आपल्या खर्चानं येत आणि आमच्याकडे दहा गुणांसाठी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं मात्र व्याख्यानाचा प्रकारच उलटा केला. ते गाव गोलात बसून अभ्यासगट चालवतं. पाहुणा देशाचा असो की परदेशाचा, त्यानं गोलात बसायचं आणि प्रश्न गावानंही विचारायचे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही सवय लावली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आलं, त्यामागे ही वर्षानुवर्षांची बैठक आहे. माझे विद्यार्थी तिथून परत आले की वर्गात रांगेनं बसायला कुरकुरायचे.

आता ९ ऑगस्ट. आमच्या लहानपणी हा क्रांतिदिन. शाळेत प्रभातफेरी, 'चले जाव'चं भाषण आणि आमच्या जिल्ह्यापुरती चिमूरची आठवण, कारण १९४२च्या १६ ऑगस्टला चिमूरनं इंग्रजी अंमल काही काळ झुगारूनच दिला होता. पण जिनिव्हात ९ ऑगस्ट १९८२ला संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक बसली, आणि १९९४च्या डिसेंबरात आमसभेनं तो दिवस जगातल्या आदिवासींचा म्हणून ठरवला. जिनिव्हातली बैठक झाली त्याच महिन्यात, २६ ऑगस्टला, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. योगायोगच, पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांना सन लक्षात ठेवायला फार सोयीचा.

हा दिवस आमच्याकडे रुजायला बरीच वर्षं गेली. सुरुवातीला कॉलेजात पंधरा-वीस पोरं, एक हार आणि मी. मग एकेका तालुक्याच्या गावी मांडव पडू लागले. ऑगस्ट म्हणजे ऐन रोवणीचा हंगाम, चिखलातून पाय काढायला फुरसत नसते, वरून पाऊस. तरी ट्रॅक्टरांतून माणसं येतात. पिवळे गमछे, सप्तरंगी झेंडा, व्यासपीठावर लिंगो, बाबुराव शेडमाके, बिरसा मुंडा आणि राणी दुर्गावती यांच्या तसबिरी. दोन्ही हात जोडून 'जोहार', मग ढोल आणि रेला. रेला सुरू झाला की सूत्रसंचालकाचा कागद निरुपयोगी होतो. नाचणाऱ्या बायांची साखळी कुणी 'वेळेअभावी' तोडू शकत नाही. हिस्लॉपनं परधानाकडून उतरवून घेतलेला लिंगो आता माईकवरून गोंडीत सांगितला जातो. संयुक्त राष्ट्र दिनाला मला जे श्रोते हजेरीच्या धाकानं जमवावे लागत, त्यांच्याच घरची माणसं त्याच संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या दिवशी भिजत उभी राहतात. या दिवसासाठी मला एकाही वर्षी परिपत्रकाची वाट पाहावी लागली नाही.

२०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. झ्यूससाहेबांनी जगभर फिरवलेलं नाव मार्कशीटवर आलं. २०२३च्या ५ जुलैला दीक्षांत समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या, त्या स्वतः संताळ. पदवी घेणाऱ्या मुलींच्या घरचे लोक त्या दिवशी जे कौतुकानं बोलत होते त्यात पदवीपेक्षा राष्ट्रपतींचाच विषय जास्त होता. विद्यापीठ आल्यानं अंतर कमी झालं, वक्ते मिळू लागले, परिसंवादांना तुटवडा राहिला नाही. काही चांगले असतात. बरेचसे कॉलेजांच्या मूल्यांकनासाठी असतात, तिथं पुन्हा फोटो.

निवृत्त झाल्यावरच्या एका ९ ऑगस्टची हकिगत सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता आश्रमशाळेत शिक्षक, बोलायला उभा होता. त्यानं १३ सप्टेंबर २००७चा विषय घेतला. त्या दिवशी आमसभेनं आदिवासी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला: बाजूनं १४४ देश, विरोधात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे चार, तटस्थ ११. हे सगळं तो माडियात सांगत होता, आकडे मराठीत. मांडवाच्या खांबाला टेकून बसलेले एक बाबा उठले. म्हणाले, गुरुजी, आपल्या सरकारनं हात कुठं वर केला?

बाजूनं, तो म्हणाला.

मग सरकार आम्हाला इथले मूळचे मानते?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनंच सांगितलं, तूच सांग. त्यानं सरळ सांगितलं की भारत सरकारची भूमिका अशी, की स्वातंत्र्यानंतरचे सगळेच भारतीय इथले मूळचे. म्हणून जाहीरनाम्याला होकार, पण वेगळा कुणी मूळचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींविषयीचा १९५७चा जुना करार भारतानं मान्य केला, १९८९चा नवा केला नाही, हेही त्यानं जोडलं.

बाबा खाली बसले नाहीत. सगळेच मूळचे असतील तर ग्रामसभेचा ठराव आमच्याकडूनच का मागतात, त्यांनी विचारलं. मागून एका बाईनं उत्तर दिलं, त्यावर दुसऱ्यानं, मग बोलणं वनहक्काच्या दाव्यांवर गेलं, तिथून खाणीवर, तिथून पुन्हा जिनिव्हावर. पोरगा माईक घेऊन माणसांतून फिरत राहिला. व्यासपीठावर योजनांच्या माहितीचं भाषण घेऊन बसलेले अध्यक्ष दोनदा घड्याळाकडे पाहून गप्प झाले. स्वयंपाक करणाऱ्यांनी भात थंड होतोय म्हणून दोनदा निरोप धाडला. अध्यक्षीय भाषण त्या वर्षी झालंच नाही.